निकाल म्हणजे चिकित्सा नव्हे

डाव संपतो, हस्तांदोलन होते आणि पाच मिनिटांत स्कोअरशीटवरच्या सगळ्या चाली मोबाइलवर चढतात. आलेख वरखाली होतो, एका खेळीवर लाल खूण उमटते आणि हरलेला खेळाडू म्हणतो, "समजलं, कुठं चुकलो ते." बुलढाणा जिल्ह्यातल्या स्पर्धांत आम्ही हे दृश्य पाहत आलो आहोत, खरे तर त्यात सामीलही होत आलो आहोत. हे 'समजलं' खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे. ते साहित्याच्या विद्यार्थी-शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण एवढेच की, हा रोग त्यांच्याही वर्गात आहे.

आमचाच एक हरलेला डाव घ्या. शेवटी आमच्याकडे फक्त काळा राजा उरला होता. प्रतिस्पर्ध्याकडे राजा आणि एक प्यादे. त्याचा राजा ई-५ वर, प्यादे ई-६ वर, आमचा राजा ई-७ वर. घड्याळात अर्धे मिनिट. सरळ मागे, ई-८ वर गेलो असतो तर बरोबरी होती: तो ज्या बाजूने पुढे येईल त्या बाजूला त्याच्यासमोर उभे राहायचे, मध्ये एक घर मोकळे ठेवायचे, अखेरीस आमच्या राजाची कोंडी होऊन डाव सुटला असता. आम्ही डी-८ वर गेलो. त्याने राजा डी-६ वर आणला आणि प्याद्याचा वजीर झाला. इंजिनाने इथेच लाल खूण केली. खूण बिनचूक होती.

पण डाव तिथे हरला नव्हता. काही खेळ्यांपूर्वी थकव्यामुळे आम्ही उरलेल्या हत्तींची मारामारी करून टाकली होती. इंजिनाच्या लेखी तिथे चूकच नाही: हत्ती ठेवले असते तरी मूल्यमापन शून्य, मारले तरी शून्य. माणसाच्या लेखी मात्र पहिल्या शून्यात चुकायला आणि सावरायला वाव होता. दुसऱ्यात, घड्याळ संपत असताना, तारणारे एकच घर होते. आमची खरी चूक इंजिनाला दिसली नाही, कारण इंजिन थकत नाही.

यात इंजिनाचा दोष नाही. तो आकडा काय सांगतो हे आपण विचारत नाही, हा दोष आपला. 'एक प्यादे म्हणजे एक गुण' हा जुना अर्थही आता उरलेला नाही. 'स्टॉकफिश'मध्ये २०२२ पासून अधिक एक म्हणजे, तेच इंजिन स्वतःशी खेळले तर जिंकण्याची शक्यता निम्मी. दोन यंत्रांमधल्या काल्पनिक सामन्याचा हा अंदाज आपण घामेजलेल्या दोन माणसांच्या डावावरचा अंतिम निवाडा मानतो.

आक्षेप येईल: इंजिनापूर्वीचे विश्लेषण म्हणजे आत्मसमर्थनच नव्हते काय? पुष्कळदा होते. विजेत्याच्या भाष्यात त्याची प्रत्येक खेळी दूरदृष्टीची ठरे. १९६० च्या विश्वविजेतेपदाच्या सहाव्या डावात तालने बोटविनिकविरुद्ध दिलेल्या घोड्याच्या बलिदानावर वर्षानुवर्षे वाद झाला. असा वाद आज इंजिन लवकर मिटवते, हे भलेच. पण काटेकोर उत्तरे वैऱ्यासारखी शोधणाऱ्या बोटविनिकच्या मनात त्या क्षणी काय खळबळ झाली, हे त्यातून कळत नाही. बलिदान खरे की खोटे हा एक प्रश्न. ते का चालले हा दुसरा.

हा भेद आमच्याच मातीत कोणी फार आधी दाखवून दिला आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचा निकाल लागला होता, वृत्तपत्रांचे शेरे मारून झाले होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती निकालाच्या अलीकडे जाऊन: तिला तिथवर आणले कोणी? पटावरच्या चुकीशी त्या दुःखाची बरोबरी करणे असभ्यपणा होईल. आम्ही उसनी घेतो ती केवळ प्रश्न विचारण्याची रीत.

वर्गात काय चालते? कविता वाचण्याआधी गाईडातली 'मध्यवर्ती कल्पना' पाठ होते. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची कविताही अशा चिठ्ठीखाली गाडता येते. चिठ्ठीवरचा मजकूर चुकीचा असतोच असे नाही. वाचन मात्र झालेले नसते.

म्हणून आमचा आग्रह साधा आहे. डाव घरी आणावा, पट मांडावा, प्रत्येक वळणावर आपल्याला काय वाटले होते, कशाची भीती होती, ते मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहावे. इंजिन त्यानंतर उघडावे आणि त्याने खोडलेले वाक्य खोडलेलेच ठेवावे, पुसू नये. लिहिलेलेच नसेल, तर इंजिन खोडणार तरी काय?