इमान कुत्र्याचे आणि आपले

हाची नावाच्या कुत्र्यावरचा चित्रपट पाहून ज्याचे डोळे ओलावले नाहीत, असा माणूस मला अजून भेटायचा आहे. माझेही ओलावले. तेव्हा हा मास्तर दगडाच्या काळजाचा दिसतो, असा ग्रह करून घेऊन वाचकांनी पान उलटू नये. माझे भांडण त्या कुत्र्याशी नाही आणि अश्रूंशीही नाही. अश्रू पुसून झाल्यावर आपण पोरांना जे बोधामृत पाजतो, त्याच्याशी आहे. "बघा, मुक्या जनावराला कळते ते माणसाला कळत नाही! इमान असावे तर असे!" एवढे बोलून आपण चकलीकडे हात नेतो. हे बोल मला मुळीच मान्य नाहीत, आणि का मान्य नाहीत ते ऐन दिवाळीत सांगावेसे वाटते.

चित्रपट २००९ सालचा, लासे हालस्ट्रॉम या दिग्दर्शकाचा. त्यात रिचर्ड गिअर प्रोफेसर झाला आहे. तो रोज आगगाडीने कामावर जातो, आणि संध्याकाळी त्याला घ्यायला त्याचा कुत्रा स्टेशनवर येतो. एके दिवशी प्रोफेसर शिकवता शिकवता कोसळतो. कुत्रा मात्र येतच राहतो. पाने गळतात, बर्फ पडते, कुत्रा म्हातारा होतो, मागे पियानो वाजतो. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. वाचकाला हुकमी रडवण्याची ही युक्ती आमच्याच धंद्यातली आहे, आणि इथे ती चोख साधली आहे. त्या स्टेशनातली माणसे तरी किती गोड! स्टेशनमास्तर प्रेमळ, आणि जसजीत नावाचा आपल्याकडचा खाद्यगाडीवालासुद्धा कुत्र्याला मायेने खाऊ घालतो.

खरी गोष्ट अमेरिकेतली नव्हे, जपानची. हिदेसाबुरो उएनो हे तोक्योच्या इम्पीरियल विद्यापीठात शेतकी शाखेचे प्रोफेसर. १९२४ च्या जानेवारीत अकिता जातीचे हे पिल्लू त्यांच्या घरी आले. २१ मे १९२५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले. म्हणजे कुत्र्याला धन्याचा सहवास लाभला जेमतेम सोळा महिने, आणि शिबुया स्टेशनावर त्याने वाट पाहिली पावणेदहा वर्षे! ८ मार्च १९३५ रोजी तो मेला.

काही चिकित्सक म्हणतात, कुत्रा येत होता तो स्टेशनाजवळच्या भाजलेल्या मांसाच्या आशेने. त्याच्या पोटात मांस भाजायच्या काड्या सापडल्या हे खरे. पण २०११ साली त्याचे जपून ठेवलेले अवयव पुन्हा तपासले, तेव्हा तो कर्करोगाने आणि हृदयातल्या जंतांनी मेला असे ठरले, काड्यांनी नव्हे. आणि खाण्याच्या आशेचे म्हणाल, तर सुरुवातीची कित्येक वर्षे त्या स्टेशनात त्याला मिळाले काय? लाथा आणि शिव्या. स्टेशनातली माणसे त्याला हुसकत, येणारे-जाणारे त्याला छळत. चित्रपटातला तो गोडवा तिथे नव्हता.

मग १९३२ साली एका वर्तमानपत्रात त्याची हकीकत छापून आली. एका रात्रीत तो भटक्याचा 'स्वामिभक्त हाची' झाला! कुत्रा तोच, स्टेशन तेच, वाट पाहणे तेच. बदलली ती फक्त छापील ओळ. कालपर्यंत लाथ मारणारा पाय आज दर्शनाला आला. १९३४ च्या एप्रिलमध्ये स्टेशनाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा बसला, आणि अनावरणाला खुद्द हाची हजर होता. लवकरच तो शाळेतल्या नीतिपाठाच्या पुस्तकातही जाऊन बसला. पाठाचे नाव होते 'उपकार विसरू नकोस'.

मी मास्तर आहे. हे नाव वाचले आणि माझे कान टवकारले. उपकार विसरू नकोस, हे कुणी कुणाला सांगायचे? वरच्याने खालच्याला! त्या काळच्या जपानच्या सत्तेला पोरांकडून नेमके हेच हवे होते: प्रश्न विचारू नका, वाट पाहा, धन्यासाठी मरा. त्यासाठी कुत्र्याइतका सोयीचा गुरू दुसरा कोणता? तो उलटून बोलत नाही. पुढे महायुद्धात धातू कमी पडला तेव्हा सत्तेने तो पुतळाही वितळवला. इमानाचे गोडवे गाणाऱ्यांनी इमानाच्या मूर्तीशी राखलेले इमान हे असे! आज दिसतो तो पुतळा १९४८ सालचा, मूळ शिल्पकाराच्या मुलाने घडवलेला.

आमच्या सातवीच्या वर्गाला मी हा चित्रपट दाखवला आणि निबंध लिहायला सांगितला. "आपणही हाचीसारखे इमानदार व्हावे," असे बहुतेकांनी लिहिले. एका मुलीने मात्र वही पुढे करून विचारले, "गुरुजी, खऱ्या गोष्टीत त्याला जेवण कोण घालत होतं? आणि त्या बाईंचं काय झालं?"

चित्रपट सबंध संपला तरी मोठ्या माणसांना जे सुचत नाही, ते त्या पोरीला सुचले. हाचीला सांभाळले ते उएनोंकडे काम केलेल्या कोबायाशी नावाच्या माळ्याने. धनी गेल्यावरही त्याने त्या मुक्या जिवाची आबाळ होऊ दिली नाही. त्याचा पुतळा कुठे आहे? वाट पाहणाऱ्याचा पुतळा होतो. रोज भांडे भरून ठेवणाऱ्याचा होत नाही.

आणि त्या बाई! याएको साकानो यांनी प्रोफेसरांशी संसार केला होता, पण लग्नाची कागदोपत्री नोंद नव्हती. प्रोफेसर गेले आणि घरावर बाईंचा काडीइतकाही हक्क उरला नाही. चित्रपटात मात्र प्रोफेसराला रीतसर पत्नी आहे. म्हणजे हे शल्य नाहीसे झाले! याएकोबाई १९६१ साली वारल्या. आपल्याला उएनोंच्या शेजारी विसावा मिळावा, ही त्यांची इच्छा होती. हाचीचे स्मारक आओयामाच्या दफनभूमीत धन्याच्या कबरीशेजारी केव्हाच झाले होते. बाईंच्या अस्थी तिथे पोचायला २०१६ साल उजाडले. पंचावन्न वर्षे! हेही वाट पाहणेच होते. पण त्यावर पियानो वाजला नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, दोन घटका रडायला बसलो, तर तुम्ही हिशेबाची वही काय काढता?" काढतो, कारण हे रडणे फार सोयीचे आहे. त्यात आपण नेहमी धन्याच्या खुर्चीत बसतो. कुणीतरी आपली अशी वाट पाहावी, या कल्पनेने आपला गळा दाटतो. आपण कुणाची वाट पाहावी, हे मनात येत नाही.

आपल्याकडेही कुत्र्याची एक गोष्ट आहे, आणि ती फार जुनी आहे. महाभारताच्या शेवटी धर्मराज स्वर्गाच्या वाटेवर एकटा उरतो. सोबत फक्त एक कुत्रा. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. इथे परीक्षा कुत्र्याची नाही, राजाची आहे! इमान खालून वर मागितलेले नाही, वरून खाली दिलेले आहे. मुलांना सांगायची गोष्ट ही.

वाचकहो, हाचीचा चित्रपट खुशाल पाहा, मनसोक्त रडा. पण "हल्ली इमानदार माणसे मिळत नाहीत हो" हे दिवाळीतले आवडते वाक्य उच्चारण्यापूर्वी एवढे आठवा: वीस वर्षे आपली भांडी घासणारी बाई आजारी पडली, तेव्हा आपण तिच्या दारी गेलो होतो का? तिचा पगार चालू ठेवला होता का? रात्रभर फाटकाशी जागणाऱ्या राखणदाराचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का? आणि आपल्या पोरांच्या फटाक्यांनी भेदरून जिन्याखाली शिरलेल्या गल्लीतल्या कुत्र्याला आपण आसरा देतो की काठी दाखवतो?

इमानाची अपेक्षा करण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. तो आधी इमान देऊन कमवावा लागतो.