नॅनो युरियाची बाटली आणि पिकाची भूक

एका मीटरचे शंभर कोटी भाग केले असता त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. इतक्या सूक्ष्म कणांचे हे शास्त्र २०२१ साली इफ्कोच्या नॅनो युरियाच्या रूपाने शेताच्या बांधापर्यंत पोचले. कण बारीक असल्याने तो पानांच्या रंध्रांतून आत शिरतो, ही त्यामागील कल्पना. अर्ध्या लिटरची बाटली एका गोणीची बरोबरी करील, असे त्या वेळी सांगण्यात आले.

परंतु हिशेब पाहावा. ४५ किलोच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. त्या बाटलीत ४ टक्के, म्हणजे अवघे २० ग्रॅम. पुढे प्रमाण वाढविले, तरी ते १०० ग्रॅमच. बाटली पिशवीतून नेता येते, ही सोय खरी. पिकाची भूक त्यामुळे लहान होत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत नेहमीच्या नत्रात कपात करून ही फवारणी केली असता भात व गहू यांचे उत्पादन घटले.

म्हणून पेरणीच्या वेळचे नत्र तोडण्याचा सल्ला ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने कोणासही देऊ नये. ज्यास अनुभव घ्यावयाचा असेल त्याने दोन-चार गुंठ्यांवर फवारणी करावी, शेजारची पट्टी नेहमीच्या खताची ठेवावी व दोहोंचे धान्य वेगवेगळे मापावे.