मेंढ्यांच्या कळपातून जाणारी गाडी

शिवा केशवनचे नाव निघाले की बहुधा त्या चित्रफितीचीच आठवण निघते. हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर, चाके लावलेल्या घसरगाडीवर उताणा पडून तो वेगाने खाली येतो आहे. रस्त्यावर मालमोटारी आहेत, मध्येच मेंढ्यांचा कळप आडवा येतो आणि तो त्यातूनच निसटतो. पाहणारा आधी हसतो, मग हळहळतो आणि अखेरीस अभिमानाने ती दुसऱ्याला दाखवतो. या सगळ्यात खेळ मात्र कुणालाच दिसलेला नसतो.

खेळ ल्यूजचा. पाय पुढे करून, पाठीवर पडून, बर्फाच्या वळणदार मार्गावरून ताशी १२० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरायचे. गाडी वळते ती पोटऱ्यांच्या आणि खांद्यांच्या दाबाने. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. डांबरावर शरीराला वेग कळेल. बर्फाची पकड कशी कळणार? ल्यूजचा मार्गच नसलेल्या देशातला हा खेळाडू १९९८च्या नागानोपासून २०१८च्या प्योंगचांगपर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. त्याचे सर्वोत्तम स्थान २००६ साली तुरिनमध्ये आले : पंचविसावे. मला हा आकडा त्या चित्रफितीहून मोलाचा वाटतो, कारण तिथे त्याला इतरांच्याच मापाने मोजले आहे.

साहित्याच्या वाचकांना हा दोष अनोळखी नसावा. दलित आत्मकथनांच्या वाट्याला असे वाचन पुष्कळ आले. ‘केवढे सोसले!’ म्हणायचे आणि पुस्तक मिटायचे. लेखकाने भाषेचे काय केले, निवेदन कसे रचले, हे विचारायचेच नाही. सहानुभूती हा टीकेतून पळ काढण्याचा सभ्य मार्ग असतो. जमैकाच्या बॉबस्ले संघाचेही तेच झाले. १९८८ साली कॅल्गरीत त्यांची गाडी उलटली, त्यावर १९९३ साली ‘कूल रनिंग्ज’ हा विनोदी चित्रपट निघाला आणि तो जगभर पोचला. पुढच्याच वर्षी लिलेहामरमध्ये त्यांचा चौघांचा संघ चौदावा आला. त्यावर कोण चित्रपट काढणार? चौदावे येण्यात ना हसू, ना आसू.

अभावाच्या या कौतुकाने आणखी एक गोष्ट साधते : अभाव कुणामुळे आला, हे विचारावे लागत नाही. २०१४ साली सोचीला भारताचे तिघेच गेले : केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल. त्यांना तिरंगा मिळाला नाही, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरावे लागले. यात बर्फाचा वा गरिबीचा काही संबंध नव्हता. आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केले होते, तेही पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीच्या घोळामुळे. केशवनची शर्यत ८ आणि ९ फेब्रुवारीला झाली. त्याच ९ तारखेला इकडे संघटनेची नवी निवडणूक झाली आणि ११ला निलंबन उठले. उरलेल्या दोघांना ध्वज मिळाला. केशवनची शर्यत तोवर आटोपली होती. म्हणजे एक निवडणूक आठवडाभर आधी झाली असती, तरी पुरले असते! आपण मात्र ‘ध्वजाविना लढलेले वीर’ अशी करुणरम्य कथा रचली आणि त्या कथेत पदाधिकाऱ्यांना पात्र म्हणूनही घेतले नाही.

मध्यंतरी वर्गात हा प्रसंग सांगून त्यावर लिहायला दिले होते. झाडून सगळ्यांनी ध्वजावर लिहिले. दोघांनी तर कविता केल्या (एक बरी होती). मागच्या बाकावरच्या एका मुलीने तेवढे विचारले, ‘‘सर, पण तो कितवा आला?’’

सदतिसावा.