स्टेरॉइडचा कोर्स आणि रक्ताचा रिपोर्ट

गिरण्यांच्या काळापासून परळ-लालबागच्या चाळींतून व्यायामशाळांची परंपरा चालत आली असून, तिचा वारसा सांगणाऱ्या आजच्या जिममध्ये ॲनाबॉलिक स्टेरॉइडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा अथवा त्याच्यासारख्या कृत्रिम द्रव्यांचा, स्नायू फुगवण्यासाठी होणारा वापर गुपित राहिलेला नाही. या वापराच्या संदर्भातील रक्ततपासणीविषयी दोन मते प्रचलित आहेत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, तेव्हा कोर्स चालू ठेवायला हरकत नाही’ हे पहिले. आणि वापरणाऱ्याची तपासणी करणे म्हणजे त्या वापराला मान्यता देणे, सबब ‘आधी सोड, मग ये’, हे दुसरे. दोन्ही मते चुकीची आहेत, आणि तरुणाला डॉक्टरांपासून दूर ठेवण्याचे काम दोन्ही सारख्याच निष्ठेने करतात.

पहिल्या मताचा आधार असा की शरीरातील बिघाड रक्तात उमटतोच. काही बिघाड उमटतात, हे खरे. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींचा वाटा, स्टेरॉइडमुळे वाढतो. टेस्टोस्टेरॉनचे उपचार वैद्यकीय कारणासाठी चालू असतानाही तो ५४ टक्क्यांपुढे गेला तर डॉक्टर औषध थांबवतात, कारण रक्त दाट होऊन गुठळीचा धोका संभवतो. एचडीएल हे रक्षक कोलेस्टेरॉल घसरते आणि एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल चढते. परंतु हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झाली आहे काय, त्याची ताकद घटली आहे काय, हे या आकड्यांत दिसत नाही. २०१७ साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वजने उचलणाऱ्या १४० पुरुषांची तपासणी झाली. त्यांतील ८६ जण स्टेरॉइड घेतलेले होते, आणि त्यांच्या हृदयाची दर ठोक्याला रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता सरासरी ५२ टक्के, तर न घेणाऱ्यांची ६३ टक्के आढळली. हे कळण्यासाठी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागते.

शिवाय रिपोर्ट वाचणारा बहुधा जिममधला प्रशिक्षक असतो, आणि खरा धोका इथेच आहे. एसजीओटी व एसजीपीटी ही विकरे यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. म्हणून जड व्यायामानंतर ती यकृत निरोगी असूनही वाढतात, आणि नेमक्या याच कारणाने ‘व्यायामामुळे वाढली असतील’ असे म्हणून, स्टॅनोझोलॉलसारख्या तोंडाने घ्यायच्या गोळ्यांनी यकृताला झालेली खरी इजा दुर्लक्षिली जाते. सीके हे स्नायूंचे आणि जीजीटी हे यकृताकडे बोट दाखवणारे विकर सोबत तपासले तरच हा गुंता सुटू शकतो. मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी मोजले जाणारे क्रिएटिनिनही स्नायूंच्या वजनानुसार चढते. टेस्टोस्टेरॉनचा आकडा तर सुई कोणत्या दिवशी घेतली यावर अवलंबून असतो. त्यापेक्षा मेंदूतील पीयूषिका ग्रंथीची एलएच व एफएसएच ही संप्रेरके शून्याजवळ पोहोचली असतील, तर वृषणांना मिळणारा आदेशच थांबला आहे, म्हणजे शुक्रजंतूंची निर्मितीही धोक्यात आहे, हे अधिक स्पष्ट कळते.

दुसरे मत नैतिक वाटते म्हणून अधिक आदराने खोडून काढले पाहिजे. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील पांढरा चट्टा तपासण्यापूर्वी त्याने तंबाखू सोडलीच पाहिजे, अशी अट परळमधीलच टाटा स्मारक रुग्णालयात कोणी घालत नाही. मग दंडात सुई टोचून घेणाऱ्यालाच ती का? त्यातही स्टेरॉइड अचानक थांबवल्यावर शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती आठवडे, कधी महिनोन्‌महिने मंद राहते, औदासीन्य व थकवा येतो, आणि अनेक जण त्यापायीच पुन्हा सुईकडे वळतात. ‘आधी सोड’ म्हणणारा त्याला या सर्वांत कठीण काळात एकटे पाडतो. नेदरलँड्समधील हार्लेम येथील चिकित्सालयाने याउलट वाट धरली: १०० वापरकर्त्यांना कोर्सच्या आधी, चालू असताना व नंतर तपासले, आणि हृदयावर झालेले बदल औषध थांबल्यावर बऱ्याच अंशी मागे फिरतात असे त्यांना आढळले. थांबण्याचा याहून चांगला युक्तिवाद कोणत्याही उपदेशात सापडणार नाही.

म्हणून तपासणी व्हावी, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घेतलेल्या द्रव्यांची नावे न लपवता, आधी काही दिवस जड व्यायाम थांबवून, रक्तदाब व टूडी इकोच्या जोडीने व्हावी. आणि औषध थांबल्यानंतरही चालू राहावी. परळला यासाठी दूर पाहावे लागत नाही. १९२६ पासून उभे असलेले महापालिकेचे केईएम रुग्णालय, त्याच्याच आवारातील रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आणि जवळच असलेली प्रजनन आरोग्याची राष्ट्रीय संस्था, एवढे ज्ञान चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उणीव आहे ती अशा तरुणासाठी ठरावीक वेळी उघडणाऱ्या एका बाह्यरुग्ण विभागाची, जिथे ‘काय घेतोस, कधीपासून’ या प्रश्नाचे खरे उत्तर देताना त्याला पोलिसांचे वा घरच्यांचे भय वाटणार नाही; कारण ही द्रव्ये चिठ्ठीवर मिळणारी औषधे आहेत, अमली पदार्थविरोधी कायद्यातील नव्हेत, २०२२ चा उत्तेजकविरोधी कायदा स्पर्धात्मक खेळांपुरता आहे, आणि रुग्णाने सांगितलेले गुप्त राखणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.