एक अधिसूचना निघेल काय?

२५ जून जवळ आला, की आपल्या राजकीय पक्षांना व्यक्तिस्वातंत्र्याची आठवण होते. १९७५ साली विनाचौकशी तुरुंगात डांबलेल्यांच्या हालअपेष्टा एक बाजू सांगते. आज देशात अघोषित आणीबाणी आहे, असे दुसरी बाजू प्रत्युत्तर देते. केंद्र सरकारने तर २०२४ साली या दिवसाला ‘संविधान हत्या दिवस’ असे नावच दिले. विनाचौकशी स्थानबद्धता हा अन्याय आहे, हे तत्त्व उभय पक्षांना मान्य दिसते. मग चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाचे काय झाले, एवढेच आम्हांस विचारावयाचे आहे.

अनेक वाचकांना हे कलम ठाऊक नसेल. त्यात त्यांचा दोष नाही. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदान्वये एखाद्या नागरिकाला, त्याने गुन्हा केला म्हणून नव्हे तर तो पुढे काही करील या संशयावरून, सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून तीन महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येते. आणीबाणीचे चटके सोसून आलेल्या जनता सरकारने ही मुदत दोन महिन्यांवर आणली आणि मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने व्हावी, असे ठरविले. संसदेने दुरुस्ती मंजूर केली. १९७९ साली राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. केंद्र सरकारने अंमलाची तारीख राजपत्रात प्रसिद्ध करावी, एवढेच काय ते उरले होते. बाकीच्या कलमांना तारखा मिळाल्या. या कलमाला आजतागायत मिळालेली नाही! ज्या जनता सरकारने ते घडविले, त्यालाही ती सुचली नाही. १९८१ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारला तसा आदेश देण्यास न्यायालयाने बहुमताने नकार दिला.

त्यानंतर दिल्लीत कोण आले नाही? इंदिरा गांधींनी १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणला. त्यांच्याकडून या बाबतीत कोणाची अपेक्षाही नव्हती. परंतु ज्यांनी स्वतः स्थानबद्धता भोगली, ते अटलबिहारी वाजपेयी सहा वर्षे पंतप्रधान होते आणि लालकृष्ण अडवाणी गृहमंत्री. आज अघोषित आणीबाणीच्या नावाने कंठशोष करणाऱ्या काँग्रेसला २००४ पासून दहा वर्षे मिळाली. २०१४ पासून भारतीय जनता पक्षाची राजवट आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण आम्हां मराठी माणसांना नवी नाही; पण येथे बाब्या आणि कार्टे दोघेही गादीवर बसताच एकाच सुरात गप्प होतात, हे नवल.

महाराष्ट्रात तर याचे विडंबनच झाले. आणीबाणीत कारावास भोगलेल्यांना २०१८ साली मानधन सुरू झाले, सरकार बदलल्यावर २०२० साली बंद पडले आणि २०२२ साली पुन्हा सरकार बदलले, तेव्हा पुन्हा चालू झाले. यांपैकी एकाही सरकारला १९८१ चा झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यावरील स्थानबद्धतेचा कायदा मात्र खटकला नाही. त्यात पुढे वाळूतस्करांचीही भर पडली.

आणि आम्ही वृत्तपत्रवाले तरी कोठे निराळे आहोत? एखादा लेखक वा पत्रकार धरला गेला, की आम्ही अग्रलेख लिहितो. एखाद्या वस्तीतला दादा वर्षभरासाठी स्थानबद्ध झाला, की आतल्या पानावर चार ओळी, त्याही पोलिसांचे कौतुक करणाऱ्या! सुशिक्षित वाचकही ‘बरे झाले’ म्हणून पान उलटतो. तो दादा सज्जन आहे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. त्याच्यावर खटला भरा, एवढेच म्हणणे आहे.

देशाच्या सुरक्षिततेसाठी असे कायदे लागतातच, असे कोणी म्हणेल. तो वाद आज बाजूला ठेवू. १९५० साली स्थानबद्धतेचे विधेयक मांडण्यापूर्वी आपल्याला झोप लागली नाही, असे सरदार पटेलांनी सभागृहात सांगितले होते. आम्ही कायदाच रद्द करा असे म्हणत नाही. संसदेने मंजूर केलेला एक महिना कमी करा, इतकेच मागतो. त्यासाठी विधेयक नको, मतदान नको, गृहखात्याची एक अधिसूचना पुरे. ती येत्या अधिवेशनापूर्वी सरकारने काढावी, आणि न काढल्यास विरोधी पक्षाने पहिल्याच दिवशी तिची तारीख विचारावी.