पाऊण टक्का वाचवला, एकोणनव्वद दिवस घालवले



आज पिकावर नाही, बँकेवर लिहितोय. पण फिरून विषय डीएपीच्या बॅगेवरच येणार आहे, म्हणून कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावं.

पारावर बँकेचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "तिकडं टक्का किती?" कुणी म्हणतं अमक्या शाखेत अर्धा टक्का कमी, कुणी म्हणतं तमक्या ठिकाणी पाऊण. आणि अर्ध्या टक्क्यासाठी माणूस वीस वर्षांचं खातं मोडून दुसरीकडं जातो. मी हसत नाही, कारण मीच गेलो होतो. त्याचा हिशेब आज मांडतो. बँकेचं नाव लिहिणार नाही आणि कुणी खाली विचारूही नका. प्रश्न एका शाखेचा नाही, आपल्या निवडीचा आहे.

झालं असं. २०२४ साली विहिरीवरची मोटार आणि पाइपलाइन यासाठी ४ लाखांचं मुदती कर्ज घ्यायचं होतं. माझी जुनी शाखा गावापासून ४ किलोमीटरवर. तालुक्याच्या गावी १९ किलोमीटरवर दुसरी बँक, तिचा दर पाऊण टक्क्यानं कमी. ४ लाखांवर पाऊण टक्का म्हणजे पहिल्या वर्षाचे ३,००० रुपये. साहेब म्हणाले, पीक कर्जही इकडंच आणा, मग लगेच करून देतो. आणलं. पहिल्या वर्षी जावयासारखं स्वागत झालं. चहा पाजला, आठवड्यात दोन्ही कामं केली. मी गावात सांगत सुटलो, बँक असावी तर अशी.

२०२५ च्या मार्चमध्ये नवं-जुनं करायची वेळ आली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, नवं-जुनं म्हणजे जुनं पीक कर्ज व्याजासकट पूर्ण भरायचं आणि त्याच शाखेतून नवं उचलायचं. मधल्या दिवसांसाठी एवढी रक्कम कुणाच्या घरात पडलेली नसते. मीही आडत्याकडून उचलली. १ लाख ८० हजार, शेकडा दोन रुपये महिना. म्हणजे दिवसाला १२० रुपये मीटर चालू.

२७ मार्चला भरणा केला. साहेब म्हणाले, मार्च एंड आहे, एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून काढायला लावली. सातबारा, आठ-अ, फेरफार, चतु:सीमा. मग म्हणाले, वकिलाचा सर्च रिपोर्ट आणा. तो २,५०० रुपयांना पडला. मेमध्ये कधी सर्व्हर डाऊन, कधी शेती कर्जाचे अधिकारी ट्रेनिंगला. एकंदर ११ खेपा. पैसे खात्यावर पडले २४ जूनला.

८९ दिवस.

आता मांडा हिशेब. आडत्याचं व्याज ८९ गुणिले १२०, म्हणजे १०,६८०. सर्च रिपोर्ट २,५००. ११ खेपांचं पेट्रोल आणि बुडालेला दिवस मिळून खेपेला ५०० धरा, ५,५०० झाले. बेरीज १८,६८०. त्यातून पाऊण टक्क्याचे वाचलेले ३,००० वजा करा. १५,६८० रुपये पदरचे गेले आणि मी मात्र स्वस्त बँकेत होतो.

पण हे पैशाचं झालं. खरी गोष्ट रानात झाली. आमच्याकडं लातूर भागात सोयाबीन म्हणजे घरचं वर्षाचं गणित. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हे आपण सगळेच सांगतो. ओल झाली की मात्र कुणासाठी थांबता येत नाही. मी १९ जूनला पेरलं. पैसे आले २४ ला. पाच दिवसांचाच फरक, पण त्या दिवशी हातात सहा एकरांपैकी तीनच एकरांच्या खताचे पैसे होते.

सोयाबीनला हेक्टरी ६० किलो स्फुरद सांगितलंय. एकरी हिशेब केला तर डीएपीची साधारण एक बॅग, १,३५० रुपयांची. हे खत पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली पडलं पाहिजे. युरिया मागून टाकता येतो, स्फुरद नाही. ते जमिनीत जागचं हलत नाही. वरून फेकलं तर वरच बसतं, मुळापर्यंत जात नाही. म्हणजे २४ तारखेला आलेला पैसा त्या तीन एकरांसाठी आलाच नाही म्हणा. उधारीवर घेता आलं असतं, पण उधारीच्या डीएपीमागं लिंकिंगची बाटली येते हे तुम्हाला माहीत आहे. नको असलेलं हजार रुपयांचं औषध गळ्यात.

ऑगस्टमध्ये दोन्ही तुकड्यांतली दहा-दहा झाडं उपटून शेंगा मोजल्या. खताच्या तुकड्यात झाडाला सरासरी ३४, बिनखताच्या तुकड्यात २६. सगळा फरक स्फुरदाचाच असं मी छातीठोक सांगत नाही, तो तुकडा थोडा हलकाही आहे. आणि उताऱ्याचा आकडा देत नाही, कारण सप्टेंबरच्या पावसानं दोन्ही तुकडे सारखेच धुऊन नेले. पण शेंगा मी माझ्या हातानं मोजल्यात.

आता टक्क्याच्या मूळ मुद्द्यावर येतो. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाचा दर बँक ठरवतच नाही. तो सरकारच्या योजनेनं ७ टक्के ठरलेला आहे. मुदतीत फेडलं की केंद्राची ३ टक्के सवलत, राहिले ४. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून आणखी ३ टक्के. बाकीचा १ टक्का राज्य बँकेला देतं, म्हणून त्याला शून्य टक्के म्हणतात. मग "टक्का किती" विचारण्यात अर्थ काय राहिला? टक्का सगळीकडं सारखाच आहे.

सारखं नाही ते हे: बऱ्याच शाखा व्याज आधी पूर्ण कापून घेतात आणि सवलत मागून जमा होते. ती कधी जमा होते? शाखेनं तुमच्या नावाचा क्लेम वेळेवर आणि बरोबर पाठवला तर. नाव चुकलं, आधार जुळलं नाही, यादी राहून गेली, की गेलं. माझ्या १ लाख ८० हजारांवर ३ टक्के म्हणजे ५,४०० रुपये. हे शाखेतल्या एका माणसानं एक यादी नीट भरण्यावर अवलंबून आहे. म्हणून मी म्हणतो, दर आणि सेवा अशा दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. दर कागदावर असतो. तो तुमच्या हातात पडतो की नाही, ती सेवा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे चहा पाजणारी बँक धरायची का? बिलकुल नाही. इथं मी दुसऱ्यांदा चुकलो होतो. पहिल्या वर्षीचा चहा मी सेवा समजलो. गोड बोलणं म्हणजे सेवा नव्हे. काम किती दिवसांत झालं, पोच मिळाली का, पुढच्या खेपेचं कारण लेखी दिलं का, ही सेवा. माझ्या जुन्या शाखेतले कॅशियर कधी हसले नाहीत. पण नवं-जुनं चार दिवसांत व्हायचं. चार दिवसांचे आडत्याला ४८० रुपये. एवढ्या पैशात तोंड वाकडं केलेलं मला चालतं.

गोड बोलण्याचा दुसरा धोका ठेवीत आहे. पतसंस्थेचा माणूस दारात येऊन पिग्मी नेतो, नाव घेऊन बोलतो, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देतो. दरही चांगला, सेवाही चांगली. पण बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. सगळ्या पतसंस्था वाईट नसतात, आमच्या भागातल्या काहींनी माणसं उभी केलीत. तरी मुलीच्या लग्नाचा पैसा कुठं ठेवायचा ते ठरवताना टक्का आणि चहा दोन्ही बाजूला ठेवा.

एक आक्षेप मला मान्य आहे. आपल्याला निवड असतेच कुठं? "तुमचं गाव आमच्याकडं दत्तक नाही" हे वाक्य ऐकल्याशिवाय मोठा झालेला शेतकरी दाखवा. आणि शाखेत माणसं तीन, योजना वीस, साहेब परराज्यातला, त्याला चतु:सीमा म्हणजे काय ते कळेपर्यंत त्याची बदली होते. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण सोसायटी आणि जिल्हा बँक, गावची शाखा, तालुक्याची शाखा, एवढ्यात तरी निवड असते. तिथं योग्य प्रश्न विचारा.

मोठ्या आणि लांब मुदतीच्या कर्जाला दर पाहायचाच. १० लाखांचा ट्रॅक्टर सात वर्षांसाठी घेताना एक टक्का म्हणजे गंमत नाही. ते कर्ज कमी दरात घ्या, पण माझ्यासारखं त्याच्या नादानं पीक कर्ज हलवू नका. दोन कर्जांची गरज वेगळी. ट्रॅक्टर महिनाभर थांबतो, ओल थांबत नाही.

बँक निवडण्याआधी साहेबांना विचारू नका. बाहेर पायरीवर बसलेल्या दोन शेतकऱ्यांना विचारा:

१. गेल्या वर्षी भरणा कधी केला आणि नवीन पैसे कधी पडले? दोन तारखा द्या म्हणावं.

२. खेपा किती झाल्या?

३. व्याज सवलत खात्यावर आली का, कोणत्या महिन्यात?

४. विम्याच्या अर्जात पीक आणि गट नंबर बरोबर चढला होता का?

५. अतिवृष्टीच्या मदतीला शाखेनं होल्ड लावला होता का?

आणि आत गेल्यावर हे माहीत असू द्या. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५ वर्षांसाठी मंजूर होते, दरवर्षी फक्त आढावा घ्यायचा असतो. मग दरवर्षी फाइल पहिल्या पानापासून का, हे विचारा. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण मागायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय. माझं कर्ज १ लाख ८० हजारांचं होतं. तारणच नाही, तर सर्च रिपोर्ट कशाचा? हे मला खर्च झाल्यावर कळलं. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला प्रोसेसिंग फी घेऊ नये, असं बँकांना २०१९ मध्येच कळवलेलं आहे. अर्ज दिला की शिक्का मारलेली पोच घ्या. लेखी तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, नंबर १४४४८. पोच नसेल तर तिथंही हात रिकामे.

शेवटी शास्त्रज्ञ मंडळींना हात जोडून एक विनंती. तुमच्या पत्रकात बियाणं, खत, अंतर, फवारणी सगळं तारखेसकट असतं. कर्जाची तारीख कुठंच नसते. "पेरणीसोबत पूर्ण स्फुरद द्यावे" ही ओळ पाळायची की मोडायची, हे आमच्याकडं बऱ्याचदा शाखेतल्या टेबलावर ठरतं. तिच्या खाली एक ओळ वाढवा, पीक कर्जाचा अर्ज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावा आणि पोच घ्यावी.

मी पीक कर्ज परत जुन्या शाखेत नेतोय. कॅशियर अजून हसत नाहीत.

तुमच्या शाखेत किती दिवस लागले? बँकेचं नाव नको. भरण्याची तारीख आणि पैसे पडल्याची तारीख, एवढंच खाली लिहा.