बागेतल्या गुरख्याचे नाव

मार्च अर्धा सरला की देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कलमांच्या बागांत एकच धावपळ सुरू होते. पहिल्या मोहराचा आंबा वाशीच्या बाजारात पोचलेला असतो, मागच्या मोहराची फळे अजून लहान असतात, आणि वानरांच्या टोळ्यांना दोन्हींची बातमी लागलेली असते. ही राखण, फवारणीचे पाइप ओढणे, रात्रीची गस्त, पुढे झेल्याने आंबा उतरवणे, यातले कितीतरी काम आता नेपाळहून आलेली माणसे करतात. पाऊस ओसरला की ती येतात, अनेकदा बायकामुलांसह बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपट्यात, राहतात, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. आपण त्यांना सरसकट ‘गुरखे’ म्हणतो. त्यांतला कुणी थापा असतो, कुणी चौधरी, कुणी विश्वकर्मा. पण सहा-सात महिने बागेत राहिलेल्या त्या माणसाचे पूर्ण नाव बागायतदाराच्या शाळकरी पोराला विचारून पाहा. उत्तर बहुधा ‘बहादूर’ असे येईल. मागल्या वर्षीचाही बहादूरच होता.

आज २१ मार्च. १९६० साली याच तारखेला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये, कृष्णवर्णीयांना पास बाळगायला लावणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ६९ माणसे मेली. पुढे १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस वंशभेद निर्मूलनासाठी राखून ठेवला. आपल्याकडे त्याच्या आदल्या दिवशीचे महत्त्व अधिक, आणि ते योग्यच आहे. २० मार्च १९२७ ला याच कोकणात, महाडला, चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. सिंधुदुर्गातल्या शाळांत २१ मार्च साजरा होत नाही याचे दुःख करण्याचे कारण नाही. दिनविशेषांची यादी आधीच लांब आहे, आणि फळ्यावर रंगीत खडूने घोषवाक्य लिहून कुणाचा स्वभाव पालटल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न वेगळा आहे. शार्पव्हिलला बंदूक होती, महाडला दगड आणि काठ्या होत्या. अन्याय कुणाला दाखवून द्यावा लागला नाही. आपल्या मुलांसमोर जे घडते त्यात यांतले काहीच नसते, म्हणून ते घडत आहे हेच त्यांना दिसत नाही.

काय घडते? एसटीत नेपाळी बाई बसली की शेजारची जागा बराच वेळ रिकामी राहते. तारकर्लीच्या हॉटेलात काम करणाऱ्या ईशान्येकडच्या मुलीला पर्यटक ‘चायना का?’ असे विचारतात, आणि सोबतचा आपला स्थानिक पोरगाही हसतो. क्रिकेट खेळताना झेल सुटला तर बारीक डोळ्यांच्या मुलाला ‘डोळे उघड रे’ अशी हाक येते. झेल आपल्यातल्याच कुणी सोडला तर असे कुणी म्हणत नाही. हे म्हणणारा मुलगा दुष्ट नाही. त्याला विचारले तर तो ‘गंमत केली’ म्हणेल, आणि खरेच त्याने गंमतच केलेली असेल. पण त्याच गमतीचा विषय दिवसातून चार वेळा होणाऱ्या मुलाला आधी हसायला, मग न ऐकल्यासारखे करायला, आणि शेवटी मैदानावर न यायला शिकावे लागते.

शाळाही यात बाजूला नाहीत. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलने होतात. त्यांत हमखास एक ‘आदिवासी नृत्य’ असते: पोरांची तोंडे काळ्या रंगाने माखायची, कमरेला पाने बांधायची, डोक्यात पिसे खोवायची आणि ‘झिंगालाला’ करत भाल्यासारखी काठी नाचवायची. त्याला टाळ्याही सर्वांत जास्त पडतात. हे कुठल्या जमातीचे नृत्य, असे कुणी विचारत नाही, कारण ते कुणाचेच नसते. जुन्या सिनेमांतून उचललेले असते. याच जिल्ह्यात कातकऱ्यांच्या वस्त्या आहेत आणि त्यांची मुले त्याच मांडवात पुढच्या रांगेत बसलेली असू शकतात. सूक्ष्म वंशभेद म्हणजे काय, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात समजावायला परदेशातले उदाहरण शोधावे लागणार नाही. मागल्या संमेलनाचा व्हिडिओ लावला तरी पुरे.

आता थोडे आपल्या आजोबांविषयी. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधीचा एकसंध रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगत होता. गिरणीत जागा मिळाली तो भाग्यवान. बाकीचे पोरवयात गिरगाव, मलबार हिल, दादरच्या घरांत घरगडी म्हणून राहिले. त्या घरांत त्या सर्वांचे नाव एकच असे: रामा. आईबापांनी पांडुरंग ठेवले असो, जानू ठेवले असो वा भिवा, मालकाच्या लेखी तो रामा. तो गेला की नवा येई तोही रामा. मराठी नाटकांत मालवणी बोलणारे पात्र दिसले की ते बहुधा घरगड्याचेच असे, आणि त्याने तोंड उघडताच प्रेक्षक हसत. १९८० साली गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ आले, मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवले, आणि त्याच बोलीला शिवाजी मंदिरात पुढच्या खुर्च्यांवरून दाद मिळू लागली. हसणे तेच, पण आता हसवण्याची सूत्रे आपल्या हातात होती. हा फरक ज्या पिढीने अनुभवला ती अजून आपल्या वाड्यांमधून ओट्यावर बसलेली आहे.

आजची पिढीही काही वेगळे भोगत नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गातून पहाटे मोटारसायकली काढून गोव्यात पेडणे, म्हापसा, वेर्ण्याला कामावर जाणाऱ्या मुलांना तिथे ‘घांटी’, म्हणजे घाटावरचे, म्हटले जाते. सह्याद्रीच्या वरचा कोण आणि खालचा कोण याची चौकशी हिणवताना कुणी करत नाही. २०१८ च्या सुरुवातीला बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले तेव्हा दोडामार्गात मोठे आंदोलन झाले. तो वाद पैशांचा आणि दोन सरकारांमधला होता. पण त्या दिवसांत ‘भायले आमची खाटो अडवतात’ या सुराचे जे बोलणे कानी पडे, ते पावतीवरच्या आकड्याहून अधिक बोचत होते. त्याच गोव्यात २०१३ साली एका नायजेरियन माणसाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, तेव्हा एका मंत्र्याने सबंध नायजेरियनांना कर्करोगाची उपमा दिली. पुढे खेद व्यक्त झाला. मात्र त्या वक्तव्याला मान डोलावणाऱ्यांत आपलेही लोक होते, जे स्वतः तिथे ‘घांटी’ होते.

सोसलेल्याने माणूस आपोआप शहाणा होतो, अशी एक भाबडी समजूत आहे. होत नाही. उलट, हिणवण्याची एक उतरंड त्याला कळते आणि तिच्यात आपण तळाला नाही याचे त्याला समाधान वाटते. रामाचा नातू गुरख्याला बहादूर म्हणतो. कोरोनाच्या काळात, २०२० च्या मे महिन्यात, तर आपण याच्याही पुढे गेलो. मुंबईहून आलेला चाकरमानी, आपल्याच घरातला, आपल्याच आडनावाचा, पण गावाच्या वेशीवर त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले गेले, ती काही गावे अजून विसरलेली नाहीत. विलगीकरण आवश्यक होते. ती नजर आवश्यक नव्हती. त्याच महिन्यांत देशभर ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांना ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या जात होत्या. त्यामुळे आठवण पुरेशी नाही. ती शिकवावी लागते.

इथे मालवण बंदरातला माणूस विचारील: मग आम्ही परप्रांतीय ट्रॉलरबद्दल बोलायचेच नाही का? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर राज्याच्या बारा सागरी मैलांच्या हद्दीत घुसून मासळी खरवडून नेतात. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घालूनही रात्री समुद्रात झगमगाट दिसतो. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीला काय उरते ते रापणकरालाच विचारावे. हा संताप न्याय्य आहे आणि तो कायद्याच्या भाषेत बोलता येतो: अमुक नौका, अमुक मालक, अमुक कलमाचा भंग. पण वर्गात मुलांना एक गोष्ट या निमित्ताने शिकवता येईल, कारण इथल्या प्रत्येक मुलाला हा विषय घरून माहीत आहे. ट्रॉलरचा मालक वेगळा आणि त्यावर रोजंदारीने जाळे ओढणारा खलाशी वेगळा. आपल्या स्वतःच्या नौकांवरही नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातले खलाशी आहेत. ते नसतील तर तांडेलाला हंगामात नौका बाहेर काढणे कठीण होईल. अतिक्रमण करणाऱ्या नौकेवरचा राग बंदरात चहा पिणाऱ्या खलाशावर कधी सरकतो, तो क्षण ओळखायला शिकणे हेच खरे शिक्षण. मोठ्यांनाही ते येत नाही. स्थानिक माणूस चोरीत सापडला तर मथळ्यात त्याचे नाव येते. नेपाळी सापडला तर त्याचा देश येतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बागांतल्या मांगरांकडे संशयाने पाहिले जाते.

गमतीपासून सुरू झालेले कुठवर जाते याचे उदाहरण देशासमोर आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचल प्रदेशच्या निडो तानिया या विद्यार्थ्याची त्याच्या केसांवरून थट्टा झाली. तो चिडला, मारहाण झाली, आणि तो मेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यात बदल सुचवले, तसेच ईशान्य भारताचा इतिहास देशभरच्या अभ्यासक्रमात यावा अशी शिफारस केली. पुढे एनसीईआरटीने त्यावर पूरक पुस्तकही काढले. ते किती शाळांच्या कपाटाबाहेर निघाले हा वेगळा विषय. दूरच्या माणसाची माहिती देणे चांगलेच, परंतु मणिपूरची राजधानी तोंडपाठ असलेला मुलगाही शेजारच्याला ‘चिंकी’ म्हणू शकतो. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो. २०२४ चा निकाल ९९.०१ टक्के होता. माहितीचा तुटवडा हा आपला रोग नाही.

मग माहितीपेक्षा तपासून पाहण्याची सवय लावायची तर विज्ञानाच्या तासाला एक गोष्ट सांगता येईल, आणि ती मराठी घरातली आहे. दापोलीजवळच्या मुरुडच्या महर्षी कर्व्यांची सून इरावती १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानवशास्त्रात संशोधन करायला गेली. मार्गदर्शक होता ऑयगेन फिशर. जर्मनीच्या आफ्रिकी वसाहतीत जाऊन मिश्र रक्ताच्या लोकांवर ग्रंथ लिहिलेला, आणि पुढे नाझींच्या राज्यात बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झालेला हा माणूस. त्याचे म्हणणे असे की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण असमान असते आणि ती त्यांच्या वरचढ तर्कबुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंना हेच तपासायला दिले होते. त्यांनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले की या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध निघालेला निष्कर्ष! एवढे करून त्या परतल्या आणि नंतर स्वतःही महाराष्ट्रातल्या माणसांची मोजमापे घेत राहिल्या; त्या काळच्या शास्त्राची चौकट त्यांनी पुरती मोडली नाही, हेही मुलांना सांगायला हवे. थोर माणसाची गोष्ट अर्धी सांगितली की ती सुविचार होते. शिकण्यासारखे आहे ते हे: ‘ते लोक असेच असतात’ असे कुणी मोठा माणूस म्हणाला तर मोजून पाहायचे.

यापुढचे काम पुस्तकात होणार नाही, बाकावर होईल. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ही कुटुंबे इथे मोकळेपणाने येऊन राहू शकतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे कागदपत्रे नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, मूल वर्षाच्या मध्यात आले तरीही. आपल्या जिल्हा परिषद शाळा पटसंख्येअभावी बंद होण्याच्या धास्तीत आहेत आणि शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या मांगरात चार-पाच मुले दिवसभर वानरांना हाकत बसली आहेत. त्यांना शाळेत आणणारे शिक्षक कोकणात आहेत, त्याचे श्रेय त्यांना मिळायलाही हवे. पण आणल्यावर त्यांना मागच्या बाकावर एकत्र बसवले, हजेरीत नाव अर्धेच लिहिले आणि मे महिन्यात ती गेली की गळती म्हणून नोंदवले, तर शेजारच्या मुलाने जे पाहायचे ते पाहिले.

आणखी एक, ज्याला निधी लागत नाही की परिपत्रक. मुंबईत रामा म्हणून वीस-पंचवीस वर्षे काढून परतलेले एखादे आजोबा अजूनही पुष्कळ वाड्यांत भेटतील. म्हापशाला ‘घांटी’ ऐकून रात्री घरी येणारा एखादा तरुण तर जवळपास प्रत्येक गावात आहे. या दोघांना आणि बागेतल्या एखाद्या नेपाळी बापाला एका शनिवारी, शाळा सकाळची असते तेव्हा, सातवी-आठवीच्या वर्गात बोलवावे. भाषण नको. मुलांनी विचारावे: तुम्हाला काय म्हणत? तेव्हा तुम्ही काय करायचात? बाजूला उभे असलेले काय करत? या तिसऱ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वर्गातली बहुतेक मुले हिणवणारी नसतात आणि हिणवली जाणारीही नसतात. ती बाजूला उभी असतात. आंबा उतरून ही कुटुंबे निघून जाण्याआधी असे सात-आठ शनिवार मिळतील, त्यातले दोन-तीन परीक्षेत जातील.